आवाज संपल्यावर हलणारे ओठ

आमच्या भागात लॅपटॉप कशाने आजारी पडतो, असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगते, कापसाने. दसरा झाला, सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं सुरू झाली, की आमच्या लोहारा गावाच्या हवेत रुईची बारीक तूस तरंगायला लागते. माणसाला ती नाकात गेल्यावरच कळते. लॅपटॉपचा पंखा मात्र ती दिवसभर आत ओढत बसतो. वर्षा-दोन वर्षांनी मशीन माझ्या टेबलावर येतं, मी मागचे स्क्रू काढते आणि पंख्याच्या तोंडाशी साचलेला राखाडी थर चिमट्याने अख्खाच्या अख्खा उचलून गिऱ्हाइकासमोर ठेवते. गिऱ्हाईक आधी त्या थराकडे बघतं आणि मग माझ्याकडे, जणू मीच तो पदराखालून काढला.

आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. टीव्हीचं काम संपलं, कॉम्प्युटर आले, त्यांच्या जागी लॅपटॉप आले. टेबल आणि मी तेच राहिलो. दुकानात नवीन माणूस आला की अजूनही आत डोकावून विचारतो, भाऊ नाहीत का? मी म्हणते भाऊ नाहीत, कधी नव्हतेच, काय झालं ते मला सांगा.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच. लॅपटॉप एरवी बरा चालतो, पण व्हिडिओचं प्रेझेंटेशन लावलं की अडखळतो. मास्तर, बँकवाले, शेतीच्या योजना समजावणारे साहेब, सगळ्यांचं रडगाणं तेच. तर बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. व्हिडिओ हा फाइलमध्ये घड्या घालून, दाबून ठेवलेला असतो. चालवताना लॅपटॉपला त्याची एकेक घडी क्षणाक्षणाला उलगडावी लागते. त्यावर प्रेझेंटेशनचं ओझं. प्रोजेक्टर जोडला की तेच काम दोन पडद्यांवर. मशीन तापतं, पंखा तुशीने गुदमरलेला असतो, आणि मग जळू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच आपली चाल कमी करतो. आवाज हलका असतो, तो निघून जातो. चित्र जड, ते मागे राहतं. म्हणून कधीकधी बोलणं संपतं तरी पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतच राहतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सहज सांगत आले. हल्ली सांगताना जरा अडखळते.

भुताटकीच्या तक्रारीही मला नव्या नाहीत. महागावच्या एका अडत्याचा लॅपटॉप रोज भर दुपारी आपोआप जागा व्हायचा. सोयाबीनच्या पोत्यांमध्ये, कुणी हात लावलेला नसताना पडदा उजळायचा. त्या खुर्चीवर बसणारा मुनीम नुकताच वारला होता, त्यामुळे अडत्याने लॅपटॉपसमोर लिंबू मांडून ठेवलं होतं. बघितलं तर मुनिमानेच कधीतरी दुपारी जागं व्हायची वेळ त्यात लावून ठेवलेली. मी ती काढली आणि ते लिंबू अडत्याच्या देखत कापून सरबत केलं. मी विहारात वाढलेली बाई, या गोष्टींची भीती आम्हाला घरात कुणी शिकवलीच नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर प्रज्ञा दुकानात आली. कळंबजवळच्या एका गावातली, शाळेत शिकवणारी मुलगी. लॅपटॉपची बॅग तिने छातीशी धरली होती आणि ती टेबलावर ठेवायला तयार नव्हती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हा ती बोलायला लागली.

तिचे वडील शामराव पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसासमोर मोबाइल धरायचा, नाव विचारायचं आणि एक आठवण सांगायला लावायची. छप्पन साली आईबापांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेली माणसं त्यात होती, आणि नुसतं आपल्या बकरीविषयी बोलणारीही होती. प्रज्ञाने त्याचं प्रेझेंटेशन केलं. आधी फोटो, खाली नाव, मग ती मिनिटभराची क्लिप. बुद्ध पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या खिडक्यांवर चादरी टाकून भर दिवसा ते दाखवायचे. लोकांना त्याचा भारी लळा लागला. आपली क्लिप आधी लागावी म्हणून म्हातारे भांडायचे.

वर्षं गेली तसे त्यातले काही लोक वारले. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जिवंत माणसांच्या क्लिपा सुरळीत चालतात, पण वारलेल्या माणसाची आली की लॅपटॉप अडतो. चित्र थांबत थांबत चालतं. आवाज पुढे जातो, संपतो, आणि त्यानंतरही ते माणूस शांतपणे ओठ हलवत राहतं. दरवेळी तसंच, आणि फक्त वारलेल्यांच्याच बाबतीत. म्हाताऱ्या बाया मुद्दाम पुढे बसून ते ओठ वाचायला लागल्या. कमलाबाई नावाची आजी पाणी मागते, असं एकीने सांगितलं. पुढच्या वेळी पडद्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

शामराव या सगळ्याला हसायचे. त्याच वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि पडद्यावर त्यांचीच क्लिप आली. ती अडली. त्यांचा आवाज बोलून संपला आणि पडद्यावरचे शामराव बोलतच राहिले. खुर्चीतले शामराव मागे वळून म्हणाले, "मलेही बोलावलं वाटते." सगळे हसले. महिना पुरा व्हायच्या आत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

हे सांगून झाल्यावर प्रज्ञा म्हणाली, यंदा धम्मचक्र दिनाला आईची क्लिप अडली. आई जिवंत आहे.

तिच्या आईचं नाव अनुसयाबाई. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली होती. घरातली चांगली भांडी नातेवाइकांना देऊन टाकली. कायले औषध वाया घालवतं, एवढंच म्हणायच्या. डॉक्टरांचं म्हणणं होतं की नवीन दुखणं काही नाही, पण गोळीशिवाय असंच चाललं तर व्हायचं ते होईल.

मी म्हटलं, लॅपटॉप ठेवून जा, दुरुस्त करून देते. तिने मान हलवली.

"मले दुरुस्त करून नाई पाह्यजे, ताई. मले कारण पाह्यजे. आईले सांगता येईन असं."

मी तिच्यासमोरच मशीन उघडलं. आत तूस होतीच, चांगली जाड. मला हायसं वाटलं, कारण सापडलं म्हणून. साफसफाई केली, चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती ती बदलली, पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून भिंतीवर प्रोजेक्टर लावला. बाहेर रस्त्यावर भर दुपारचा शुकशुकाट होता. पहिल्या तीन-चार क्लिपा झरझर चालल्या. एक आजोबा बैलांची नावं सांगत होते, एक बाई ओवी म्हणत होती. मी प्रज्ञाकडे बघून हसले.

मग कमलाबाई आल्या. पंखा एकदम घरघरायला लागला. कमलाबाईंनी डोळे मिटले आणि ते तसेच मिटलेले राहिले, आवाज मात्र विहिरीची गोष्ट सांगत पुढे निघाला. गोष्ट संपली, जय भीम म्हणून झालं. दुकानात फक्त पंख्याचा आवाज राहिला, आणि भिंतीवर कमलाबाई डोळे उघडून सावकाश बोलत होत्या. लॅपटॉप माझ्या समोर होता, त्याचा प्रत्येक स्क्रू मी आत्ताच हाताने बसवला होता, आणि तरीही माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा ओठ वाचते आहे.

"ताई, थांबवा ते," प्रज्ञा म्हणाली. मी थांबवलं. चेहरा भिंतीवर गोठून राहिला. तो फार स्पष्ट होता. डोळ्यांत ओल दिसत होती, एकेक सुरकुती कोरल्यासारखी, आणि तोंडात पांढरे शुभ्र दात. प्रज्ञा त्याच्याकडे बघत होती.

"कमलाआजीले दात नव्हते," ती हळूच म्हणाली. "मी पाह्यलं तवापासून नव्हते."

आता एखादी शहाणी बाई शटर उघडून बाहेर गेली असती. मी फाइलवर गेले. कारण मोबाइलने काढलेल्या अंधुक क्लिपेत माणसाच्या डोळ्यातली ओल दिसत नसते, हे मला माहीत होतं. बघितलं तर कमलाबाईंची फाइल बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट मोठी निघाली. जिवंत माणसांच्या सगळ्या क्लिपा लहान. वारलेल्यांच्या सगळ्या अवाढव्य. शामरावांची मोठी. आणि अनुसयाबाईंची पण मोठी.

प्रज्ञाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणतात. तसंच त्यांच्या गावात कुणी वारलं की घरचे त्याची क्लिप कळंबच्या बंडूच्या स्टुडिओत न्यायचे आणि साफ करून आणायचे. बंडूकडे एक नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. ते अंधुक चेहरा स्पष्ट करतं. पण जे दिसत नाही ते त्याला कुठून कळणार? ते अंदाजाने भरतं. सुरकुत्या भरतं, दात भरतं. अशी साफ केलेली क्लिप सिनेमाच्या पडद्याला पुरेल एवढी जड होऊन परत यायची आणि प्रज्ञाचा जुना लॅपटॉप तिच्याखाली वाकायचा. माणसाविषयी प्रेम होतं म्हणून ती क्लिप जड व्हायची. भूत वगैरे काही नव्हतं.

प्रज्ञा रडायला लागली, पण ते सुटल्याचं रडणं होतं. मग तिनेच डोळे पुसून विचारलं, आईची कुणी साफ केली?

आम्ही दोघी तिच्या गाडीवर कळंबला गेलो. बंडू स्टुडिओत एका बारशाचे फोटो कापत बसला होता. त्याने आधी टाळाटाळ केली, मग सांगून टाकलं. अनुसयाबाई दवाखान्यात आल्या होत्या तेव्हा स्टुडिओत चढल्या, मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, माझीही करून ठेव, माझ्या वेळी पोरीची धावपळ नको, तिले सांगू नको. आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या बाया आपला फोटो आधीच मोठा करून पेटीत ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. बंडूने सांगितलं नाही, पण वडिलांची साफ केलेली क्लिप प्रज्ञा न्यायला आली तेव्हा एकाच पेन ड्राइव्हवर दोन्ही टाकून दिल्या. प्रज्ञाने घाईत सगळंच जुन्याच्या जागी चिकटवलं.

इतका सरळ उलगडा माझ्या धंद्यात क्वचित होतो. मी खुशीत होते. निघता निघता, नुसतं हिशेब पुरा करायचा म्हणून विचारलं, शामरावांनी पण असंच आधी करून घेतलं असेल ना?

"नाई, ताई," बंडू म्हणाला. "काकाची तं ते गेल्यावर आली. प्रज्ञानंच आणली."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. म्हणजे बुद्ध पौर्णिमेला चालली ती मूळचीच, मोबाइलमधली. ती तिच्या फोनवर अजून होती. मी बघितली. लहान होती, बकरीवाल्या म्हातारीच्या क्लिपेएवढी. ती अडायचं काहीच कारण नव्हतं. मी तिथेच उभी राहून तिला कारणं सांगितली. मे महिना होता, पत्रे तापलेले, आतमध्ये तूस. चार्जरची पिन निसटली असेल. मागे कुठलं तरी अपडेट नेमकं तेव्हा सुरू झालं असेल. यातलं कुठलंही खरं असू शकतं. पण तिने विचारलं, मग त्या दिवशी बाकी जित्त्या माणसांच्या क्लिपा काहून नाई अडल्या? मी लॅपटॉपची बॅग उचलून तिच्या गाडीवर बसले. तिने गाडी गावाकडे वळवली.

अनुसयाबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. धुतलेलं पातळ, विंचरलेले केस. पाहुणे यायच्या आधी माणूस तयार होऊन बसतं तशा. घर रिकामं वाटत होतं, भिंतीवरच्या फळीवर भांड्यांच्या जागी नुसते गोल डाग होते. मी जय भीम केला, खाली बसले आणि लॅपटॉप उघडून त्यांना लहान फाइल, मोठी फाइल दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. बंडूकडे जाऊन आल्याचंही मी सांगितलं, तेव्हा त्या जराशा लाजल्या. हाव, म्हणाल्या, मीच गेलती.

मला राहवलं नाही. मी विचारलं, मरणाची एवढी तयारी तुम्ही स्वतःच केली होती, मग क्लिप अडल्यावर घाबरलात कशाला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

"आपण बिस्तर बांधून ठेवनं अलग," त्या म्हणाल्या. "अन् दारात येऊन कोनी आवाज देनं अलग."

मग त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. तो अजून गरम होता.

"अन् ह्यांची? ते तं जित्ते होते तवा. ह्यांची कायनं अडली?"

प्रज्ञा दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, त्यांनीही तुमच्यासारखंच केलं होतं, बाई. गुपचूप बंडूकडे जाऊन आधीच साफ करून आणली होती. बंडूनेच सांगितलं.

अनुसयाबाईंनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, मले सांगतलं नाई त्याइनं. आणि प्रज्ञाला म्हणाल्या, पानी आन, गोळी दे. तिने पाण्याचा गिलास आणि गोळी आईच्या हातात दिली. मी नंतर साऱ्या क्लिपा हलक्या करून दिल्या, वारलेल्यांच्या आणि जिवंतांच्या, सगळ्या सारख्या.

मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. पार्ट जुना असेल तर जुना सांगते. हे एकच खोटं मी दुरुस्तीसारखं वापरलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. पण ते पचलं, असंही म्हणता येणार नाही.

या वर्षी बुद्ध पौर्णिमेला प्रज्ञाने मला आग्रहाने बोलावलं. खिडक्यांवर चादरी होत्या, बाहेर ऊन मी म्हणत होतं. लॅपटॉपजवळ मी बसले आणि माझ्याशेजारी सतरंजीवर अनुसयाबाई. अंगाने भरलेल्या, चेहऱ्यावर तेज. एकामागून एक माणसं पडद्यावर आली, बोलली, गेली. कमलाबाईंचा आवाज आणि ओठ बरोबर एका वेळी थांबले. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांची त्याने थोडी निराशाच झाली असावी. शामराव आले, सुरळीत बोलले आणि गेले.

त्यांची क्लिप संपल्यावर अनुसयाबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"ह्यांच्या गुडघ्यात पानी झालतं. त्या साली विहार सोडून ते आंगनाच्या बाहेर नाई गेले. कळंबले कसे जातील?"

पुढची क्लिप सुरू होती, मला काय चाललंय ते दिसेनासं झालं. मी विचारलं, मग तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? त्या हाव म्हणाल्या.

"मग गोळी का घेतली?" मी विचारलं.

"पोरगी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तुह्यं खोटं तिच्या कामाचं होतं. मी कायले मोडू?"

पडद्यावर आता त्यांचं नाव आलं होतं. फोटो गेला, क्लिप सुरू व्हायला एक क्षण लागतो, तेवढा अंधार झाला. त्या अंधारात त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता, पण घट्ट होता.

"दरसाली येत जाजो," त्या म्हणाल्या. "अशीच लॅपटॉपजवळ बसजो. अन् माही अडली तं मले खरं सांगजो. कारन नको शोधू."

मी बरं म्हटलं. मग पडदा उजळला, आणि मी पंख्याचा आवाज ऐकत बसले.